वाणसामान: कुपनं शोधत बसायचं की सरळ स्वस्त दुकान गाठायचं?

केतकीचे_बन
आमच्या घरात वाणसामानावरून वाद पेटलाय आणि घरातल्या घरात तो मिटेल असं वाटत नाही, म्हणून इथे आणतेय. आम्ही ठाण्यात, घोडबंदर रोडला. घरात चार माणसं: आम्ही दोघं, सहावीतला लेक आणि सासूबाई. नवऱ्याचं म्हणणं, सगळं अ‍ॅपवरून मागव. कुपन कोड असतात, बँकेच्या कार्डावर वेगळी सूट असते, कॅशबॅक असतो, वर सामान दारात. लोकलमध्ये बसल्याबसल्या कोड शोधतो आणि घरात पाऊल टाकता टाकता ‘आज १४० वाचवले’ असं जाहीर करतो. माझं म्हणणं, महिन्याची यादी करावी, डीमार्टला एक फेरी मारावी, विषय संपला. सासूबाई आम्हा दोघांनाही वेड्यात काढतात. त्यांच्या मते खालच्या वाण्यात काय वाईट आहे?

तर प्रश्न असा, की खरा हिशोब मांडला तर महिनाअखेरीस पैसे कुठे जास्त उरतात? भाजी, दूध, फळं यात धरू नका. फक्त किराणा आणि साबण-पावडर.

पिशवीधारी
डीमार्ट. धागा बंद करा. :)

रिकामटेकडा_इंजिनियर
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (एकावर एक फ्री होतं.)

गोडामसाला
केतकी, ‘१४० वाचवले’ हा आकडा कोणी सांगितला? अ‍ॅपने. मग तो तपासून घे.

समजा तुझी यादी ६४० रुपयांची आहे आणि कुपन म्हणतंय ७९९ च्या खरेदीवर १०० सूट. आता १५९ रुपयांचं काहीतरी शोधा. मग टोपलीत चॉकलेटचा स्प्रेड येतो, नाहीतर लव्हेंडरचा हँडवॉश. बिल ७९९, भरायचे ६९९, त्यावर ‘हँडलिंग’ की काय म्हणतात त्याचे वेगळे. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत ‘अभिनंदन, तुम्ही १०० वाचवलेत’. खिशातून मात्र ५९ जास्त गेले. हँडवॉश तर आला ना, असं नवरा म्हणेल. आला, पण तो यादीत कुठे होता?

बरं, पुढचं कुपन कधी येतं बघ. यादी ६४० ची असणाऱ्याला ७९९ चं येतं, ९०० ची असणाऱ्याला ११९९ चं. आपण नेहमी किती खर्च करतो हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं, असा माझा संशय आहे.

शेंगदाणा
गोडामसाला, तुमचं उदाहरण कुपन वाईट असल्याचं नाही, यादी न पाळणाऱ्या माणसाचं आहे. तसा माणूस डीमार्टात सोडला तरी ट्रॉली भरून प्लास्टिकचे डबे घेऊन येतो. (आमचे हे.)

मी कुपनवाली आहे आणि मला त्याची लाज नाही. धान्य, डाळी मी कुपनाने घेत नाही, कारण त्यावर धड सूट कधी नसतेच. पण डायपर, कपड्यांची पावडर, टूथपेस्ट, कॉफी, सॅनिटरी पॅड, भांड्यांचं लिक्विड या गोष्टी खराब होत नाहीत आणि लागणारच असतात. यांचे भाव मला पाठ आहेत. सणाच्या आधी सेल लागतो, त्यात बँकेची ऑफर असते, वर अ‍ॅपचं कुपन. तिन्ही एकाच दिवशी जुळले की तीन महिन्यांचं घेऊन टाकायचं. नाही जुळले तर काहीच घ्यायचं नाही. नुसत्या डायपरवर जे उरतं, तेवढं डाळ-तांदळावर कोणी उरवून दाखवा.

अट एकच. ‘आणखी एवढ्याचं घ्या’ असा संदेश आला की अ‍ॅप बंद करायचं.

खडूस_काका
दोन्ही पक्षांना एक आठवण. एमआरपी म्हणजे कमाल किरकोळ किंमत, सगळे कर धरून. त्यापेक्षा जास्त घेता येत नाही, कमी कितीही घेता येते. म्हणजे ती वस्तूची किंमत नव्हे, किमतीचं छत आहे. ‘एमआरपी २२०, आमच्याकडे १६५, बचत ५५’ असं लिहिलेलं असतं तेव्हा मनातल्या मनात खोडा आणि विचारा, शेजारच्या दुकानात कितीला आहे? तिथेही १६५ असेल तर बचत शून्य. सुक्या मेव्याच्या आणि मसाल्यांच्या पाकिटांवर तर एमआरपी इतकी फुगवलेली असते, की अर्ध्या किमतीत विकूनही विकणारा मजेत असतो.

आता तर पाकिटावर एमआरपीच्या जवळच दर ग्रॅमला किंवा दर किलोला किती पडले तेही छापावं लागतं. बारीक अक्षरात असतं. चष्मा न्या.

साडेतीन_शहाणा
काका, चष्म्याचं पटलं. पण त्याआधी वजन बघा. पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांची किंमत वर्षानुवर्षं तीच राहते, आतला माल हळूहळू रोडावतो. ठरावीक वजनातच पाकीट काढण्याचं बंधन पूर्वी बऱ्याच वस्तूंना होतं, ते गेलं. आता ‘किलोचं पाकीट’ म्हणून हातात घ्याल ते ९०० ग्रॅमचं निघतं, आणि तेलाची लीटरची दिसणारी पिशवी ८५० मिलीची. मग कुपनाचे दहा टक्के कुठे गेले ते कळलं ना?

रिकामटेकडा_इंजिनियर
म्हणजे एकीकडे पाकीट बारीक होतंय आणि आम्ही मात्र जाड. हा कुठला न्याय?

गोडामसाला
@शेंगदाणा, तीन महिन्यांची कॉफी घरात असली की तीन महिने पुरते का, हे सांगा आधी. आमच्याकडे बरणी भरलेली दिसली की चमचाही भरून जातो.

शेंगदाणा
कपाटाला कुलूप आहे. :)

दुकानदार_सांगलीकडचा
नमस्कार मंडळी. मी वाचनमात्र असतोय, पण हा धागा आमच्या पोटावरचा आहे म्हणून लिहितो. तालुक्याच्या गावात वडिलांपास्नं किराणा दुकान आहे.

कंपनीच्या मालावर, म्हणजे साबण, बिस्किट, पेस्ट यावर आम्हाला सुटतं ते अगदी तुटपुंजं. त्यात ओळखीच्या गिऱ्हाईकाला रुपया-दोन रुपये सोडावे लागतात. मोठी साखळी दुकानं कंपनीकडून ट्रकनं उचलतात, त्यांना दर वेगळा. कधी कधी त्यांचा विकायचा भाव आमच्या एजन्सीच्या भावापेक्षा खाली असतोय. मग आमचेच दुकानदार भाऊबंद तिथं रांगेत उभारून साखर आणि तेल आणतात आणि दुकानात ठेवतात. एका बिलावर अमुक नगच मिळतील अशी पाटी उगाच लावत न्हाईत ती.

आमचं पोट चालतं सुट्ट्या मालावर. डाळ, शेंगदाणा, गूळ, पोहे, रवा. यात निवड आमची असते. कुठल्या शेंगदाण्याला खवट वास येतोय, कुठली तूरडाळ लवकर शिजते, हे मी सांगू शकतो. अ‍ॅप सांगत न्हाई. आणि एक धरायचं राहिलं सगळ्यांचं. उधारी. महिनाभर वहीवर नेतात, पगार झाल्यावर देतात, व्याज न्हाई. कोरोनात कित्येकांनी चार-चार महिने दिलं नव्हतं. त्याचं कुपन कुणी काढलंय का?

पिशवीधारी
दुकानदार साहेब, दंडवत. माझा पहिला प्रतिसाद मागे घेत नाही, पण आवाज कमी करतो.

केतकीचे_बन
दुकानदार दादा, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या आज घरात विजयी मुद्रेने वावरत आहेत.

उकड
अवांतर: कुपन म्हटलं की मला सोडेक्सोची कागदी कुपनांची पुस्तिकाच आठवते. कंपनीतून जेवणासाठी मिळायची. एका जेवणामागे ५० रुपयांपर्यंत कर लागायचा नाही, म्हणून एचआरवाले आग्रहाने द्यायचे. जेवायला डबाच असायचा, त्यामुळे सगळी कुपनं किराण्यात. सुट्टे परत मिळायचे नाहीत, म्हणून बायको काउंटरवर उभी राहून बेरीज जुळवायची. १८२ झाले, आता १८ चं काय? मग राजगिऱ्याच्या चिक्क्या. आमच्या मुलांचं बालपण त्या चिक्क्यांवर गेलं. पुढे त्याचं कार्ड झालं आणि ती गंमत संपली.

साडेतीन_शहाणा
उकड, अगदी! आणि बिग बझार आठवतं का? ‘जुनं द्या, नवं घ्या’. रद्दी, फुटक्या बादल्या, जुने कपडे घेऊन लोक रांगेत, वजन करून कुपन हातात. ते वापरायला मात्र त्याच्या कित्येक पट खरेदी करावी लागायची. आणि २६ जानेवारीचे ते ‘सबसे सस्ते दिन’. २००६ साली पहिल्यांदा केले तेव्हा काही ठिकाणी गर्दी आवरायला पोलीस आले होते. रद्दीचं कुपन आणि सवलतीचं दुकान, दोन्ही एकाच छपराखाली! तरी २०२२ मध्ये ती दुकानं बंदच झाली. आणि डीमार्ट, जिथे ना रद्दी घेतात ना ढोल वाजवतात, ते चाललंय.

खडूस_काका
चालणारच. २००२ साली पवईला पहिलं दुकान काढलं तेव्हापासून गणित एकच आहे. जागा शक्यतो स्वतःची, म्हणजे भाड्याचा बोजा नाही. मालाचे पैसे पुरवठादाराला लवकर, म्हणजे भाव घासून मिळतो. सजावट नाही, गाणी नाहीत. रोजचाच भाव कमी, त्यामुळे गिऱ्हाइकाला सेलची वाट बघावी लागत नाही. जाता जाता, डीमार्टचे संस्थापक राधाकिशन दमाणी यांनी त्याआधी नेरुळला अपना बाजारची फ्रँचायझी चालवून बघितली होती. तो अपना बाजार म्हणजे १९४८ साली नायगावात गिरणी कामगारांनी काढलेली सहकारी संस्था. तेव्हा आज ज्या शिस्तीचं कौतुक करतो तिचं एक मूळ परळ-नायगावच्या चाळीत आहे.

रिकामटेकडा_इंजिनियर
काका, शेअर किती आहेत तुमच्याकडे? हलकेच घ्या.

खडूस_काका
२०१७ ला आयपीओ आला तेव्हा अर्ज केला होता. लागला नाही. म्हणून तर खडूस आहे.

डॅलसकर
इकडची, म्हणजे अमेरिकेची बाजू मांडतो. कुपनांचं माहेर हेच. १८८७ च्या सुमारास कोका-कोलावाल्यांनी ‘एक ग्लास फुकट’ची चिठ्ठी वाटली, तिथून सुरुवात मानतात. रविवारच्या पेपरात कुपनांची पुरवणी यायची, ती कापून लिफाफ्यात लावून ठेवणारे लोक मी स्वतः पाहिलेत. कंपनीचं कुपन आणि दुकानाचं कुपन एकाच वस्तूवर लावायचं, काही दुकानं तर कंपनीच्या कुपनाची किंमत दुप्पट धरायची. त्यावर टीव्हीवर कार्यक्रम झाले. एक बाई पन्नास मोहरीच्या सॉसच्या बाटल्या जवळपास फुकटात घेऊन जाते आणि सगळे टाळ्या वाजवतात. पन्नास बाटल्यांचं ती काय करते, हे कोणी विचारत नाही.

आता आपल्या घराचं बघा. आमच्या यादीत तूरडाळ, मूगडाळ, पोहे, कणीक, शेंगदाणे, कोकम, गूळ. यावर कुपन कोण छापतं? कोणीच नाही. कुपन छापतं ती कंपनी, जिला आपलं नवीन सीरियल किंवा गोठवलेला पिझ्झा खपवायचाय. साधं जेवण जेवणाऱ्याला कुपनाचा उपयोग जवळपास शून्य. म्हणून आम्ही दूध-अंडी-लोणी अल्डीतून आणतो, तांदूळ-बदाम कॉस्टकोतून, बाकी देशी दुकान. अल्डी कंपन्यांची कुपनं सहसा घेतच नाही, कॉस्टकोही नाही. अल्डीत ट्रॉलीसाठी पाव डॉलरचं नाणं अडकवावं लागतं, परत ठेवली की परत मिळतं. त्यामुळे ट्रॉल्या गोळा करायला माणूस ठेवावा लागत नाही, आणि तो पगार भावातून वजा.

पण एक गोष्ट सांगतो, जी मला अजून चक्रावते. जेसीपेनी नावाचं मोठं दुकान आहे, कपड्यांचं, किराण्याचं नाही. २०१२ मध्ये त्यांच्या नव्या प्रमुखाने, रॉन जॉन्सनने, ठरवलं की फुगवलेल्या किमती आणि कुपनं हा खेळ बंद. सरळ, रोजची, कमी किंमत लावायची. सगळ्यांनी खूश व्हायला हवं होतं ना? त्या वर्षात विक्री सुमारे पाव हिश्श्याने घसरली. २०१३ च्या एप्रिलमध्ये तो गेला, कुपनं परत आली. लोकांना स्वस्त नको होतं, स्वस्तात ‘मिळवलं’ हे हवं होतं.

शेंगदाणा
डॅलसकर, छान लिहिलंत, पण त्यातून माझाच मुद्दा निघतो की. डाळीवर कुपन नसतं, बरोबर. पण साबण-पावडरीवर असतं, आणि ते न घेणारा माणूस माझ्या सवलतीचे पैसे भरतो. एकच वस्तू, घाईतल्या माणसाला एका भावाने आणि शोधणाऱ्याला दुसऱ्या भावाने विकायची, यासाठीच तर कुपन असतं. मग मी शोधणाऱ्यांत का नसावं?

गोडामसाला
शोधण्यात जाणारा वेळ धर ना पण.

शेंगदाणा
आणि डीमार्टच्या पार्किंगमध्ये जाणारा वेळ कोण धरणार?

पिशवीधारी
मी चालत जातो.

श्टुटगार्टची_सून
जर्मनीची वेगळीच तऱ्हा. इथे २००१ पर्यंत कायदाच होता, गिऱ्हाइकाला ३ टक्क्यांपेक्षा जास्त सूट द्यायची नाही. १९३३ सालचा कायदा! त्यामुळे कुपनांची सवयच लागली नाही आणि स्वस्त दुकान म्हणजे खरोखर स्वस्तच, असा प्रकार रुजला. डॅलसकरांनी सांगितलेलं अल्डी मूळचं इथलंच. एसेनमध्ये आल्ब्रेख्त भावांच्या आईचं लहानसं दुकान होतं, मुलांनी दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची ही साखळी केली. दोघा भावांचं एका गोष्टीवरून बिनसलं आणि वाटण्या झाल्या: गल्ल्यापाशी सिगारेट ठेवायच्या की नाही! तेव्हापासून उत्तर अल्डी आणि दक्षिण अल्डी वेगळे.

आता मात्र इथेही अ‍ॅपची कुपनं आली आहेत. आमच्या शेजारच्या सत्तरीच्या आजी फोन वापरत नाहीत. फळीवर दोन भाव लिहिलेले असतात, अ‍ॅपवाल्यांचा आणि बाकीच्यांचा. त्या निमूट महाग भाव देतात. मला ते बघवत नाही, मी माझा फोन पुढे करते.

एक मात्र इथलं घेण्यासारखं आहे. फळीवर प्रत्येक वस्तूखाली दर किलोचा किंवा लीटरचा भाव असतोच. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं हा गैरसमज त्याने पहिल्या महिन्यात जातो.

उकड
आमच्या आईलाही अ‍ॅप जमत नाही. ती म्हणते, मी भाव विचारते तेव्हा माणसाने उत्तर द्यावं.

आजी_ऑनलाइन
तुम्ही सगळे कुपन आणि मॉल करताय, मुंबई ग्राहक पंचायतीचं नाव कोणीच कसं काढलं नाही? १९७५ साली सुरू झालेली संस्था आहे. आम्ही गोरेगावात असताना आमच्या बिल्डिंगचा आणि शेजारच्या दोन बिल्डिंगांचा मिळून संघ होता. महिन्याची यादी भरून द्यायची, पैसे आधी. मग ठरल्या दिवशी टेम्पो यायचा आणि कोणा एकीच्या घरात सगळा माल उतरायचा. डाळी, साखर, पोहे, साबण, दिवाळीला उटणं. आम्हीच मोजून प्रत्येकीच्या पिशवीत भरायच्या. जिच्या घरी वाटप असेल ती चहा करायची. खरेदी घाऊक, नफा कोणाचा नाही, जाहिरात नाही, म्हणून भाव कमी आणि माल निवडक.

कटकट होती, खोटं कशाला बोलू. वाटपाला उपस्थित राहायलाच हवं. कोणीतरी हमखास ‘आज मला जमणार नाही गं’ म्हणायची आणि मग तिच्या पिशव्या आम्ही भरायच्या. एखादी वस्तू यादीत असून यायची नाही. पण ‘आणखी १५९ चं घ्या’ असं आम्हाला कधी कोणी सांगितलं नाही.

श्टुटगार्टची_सून
आजी, माझं बालपण! आमच्याकडे वाटप असलं की मला पोह्यांच्या पिशव्यांना गाठी मारायचं काम होतं.

साडेतीन_शहाणा
आणि वर्षाचं भरणं विसरले सगळे. आमच्याकडे अजून एप्रिल-मे मध्ये गहू, तांदूळ, तूरडाळ वर्षाची घेतो. लोकवन किंवा सिहोर गहू, पुण्याच्या मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून. कडक उन्हात गच्चीवर वाळवायचा, तांदळाला एरंडेल चोळायचं, कोठीत कडुलिंबाचा पाला आणि पारद टिकड्या. नवा माल बाजारात आलेला असतो, भाव उतरलेले असतात. अ‍ॅपवर पाच किलो कणकेला जे पडतं, त्याच्याशी गहू अधिक दळणाचे पैसे अशी तुलना एकदा करून बघा.

त्यात एक बारीकशी गंमत आहे. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी आहे, पण २५ किलोपर्यंतच्या पाकिटालाच. त्यापुढच्या गोणीला नाही आणि सुट्ट्या मालालाही नाही. म्हणून बाजारात २६ आणि ३० किलोच्या गोण्या दिसायला लागल्या. एक किलो जास्त घ्या आणि पाच टक्के वाचवा. याला म्हणतात कुपन!

रिकामटेकडा_इंजिनियर
शहाणे, ४२० चौरस फुटांच्या घरात ३० किलोची गोणी कुठे ठेवू? बायको म्हणते, तू उठलास तर जागा होईल.

गोडामसाला
हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. मुंबईत जागेचा भाव धरला तर वर्षाची बेगमी ही चैन आहे. आणि एकदा किडे झाले की सगळी बचत कावळ्या-चिमण्यांना.

दुकानदार_सांगलीकडचा
बेगमी करणारं गिऱ्हाईक आता आमच्याकडंही कमी झालंय. पोरं पुण्याला, घरात दोन म्हातारी माणसं. दोन-दोन किलोनं नेतात. त्यांना गोणीचा भाव लावावा वाटतो, पण परवडत न्हाई.

केतकीचा_नवरा
नमस्कार. नवीन आयडी. बायकोचा मोबाईल टेबलावर उघडा होता, त्यामुळे धागा कळला. नोंद असावी की त्या दिवशी १४० नव्हे, १६० वाचले होते.

पिशवीधारी
स्वागत! आता खरा धागा सुरू झाला.

केतकीचे_बन
हो का? आणि त्या दिवशी काय काय आलं होतं तेही सांग ना सगळ्यांना.

केतकीचा_नवरा
… कोरियन नूडल्स. पण मुलाने खाल्ले.

खडूस_काका
कोर्टाने नोंद घेतली आहे.

केतकीचे_बन
बरं, आता मूळ प्रश्नाकडे. मी काकांचं ऐकून एक वही केली. नेहमीची यादी घेतली आणि तीन रकाने: डीमार्ट, अ‍ॅप (कुपन आणि कार्डाची सूट लावून), खालचा वाणी. भाव पाकिटाचा नाही, दर किलोचा. श्टुटगार्टवाल्या ताईंची कल्पना.

साखर, तेल, रवा, मैदा यात डीमार्ट पुढे, याबद्दल वाद नको. साबण-पावडरीत शेंगदाणाचं बरोबर निघालं, ऑफर जुळली की अ‍ॅप स्वस्त, न जुळली तर चक्क सगळ्यांत महाग. मला धक्का बसला तो वाण्याचा. सुट्टे शेंगदाणे, गूळ, खोबरं, तूरडाळ यात तो डीमार्टच्या जवळपासच आहे, आणि शेंगदाणे तर त्याचेच चांगले. पण साबण, बिस्किटं, चहा तो छापील भावानेच देतो. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, ‘मग मागायचं ना कमी करून!’ मागितलं. पेस्टवर पाच रुपये सोडले त्याने. इतकी वर्षं आम्ही कोणी मागितलेच नव्हते.

एकूण बिलात फरक कशाने पडला म्हणाल तर दुकानाने कमी आणि फेऱ्यांनी जास्त. अ‍ॅपवरून आठवड्यात दोनदा काहीतरी यायचं, आणि प्रत्येक वेळी कोड लावायला पुरेसं बिल करायचं म्हणून एक-दोन वस्तू जास्त. ते महिन्यातून एकदाच करायचं ठरवलंय.

शेंगदाणा
केतकी, मस्त! तुझ्या वहीत महिना लिही. ऑफर कधी जुळतात ते दोन वर्षांत दिसायला लागेल. आणि २२ सप्टेंबर २०२५ ला साबण, पेस्ट, शांपू, बिस्किटांवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला, त्याआधीचे भाव तुलनेला धरू नकोस. जुना भाव लक्षात ठेवून मीच काही दिवस ‘काय स्वस्त मिळालं’ म्हणून खूश होते, ते कुपनामुळे नव्हतंच.

गोडामसाला
सगळं मान्य, पण कुपन बनवणारा आपल्यापेक्षा हुशार असतो हे माझं मत कायम. तू वही करशील, शेजारची करणार नाही.

शेंगदाणा
शेजारचीसाठीच तर ते कुपन काढतात. मी मधल्या मध्ये खाते.

केतकीचा_नवरा
मला एक सांगा, ग्राहक पंचायतीत ठाण्यात नाव नोंदवायचं असेल तर संघ आपणच जमवायचा की चालू संघात घेतात? आमच्या सोसायटीत मी विचारलंय, काही जण तयार आहेत. वाटप आमच्याकडे चालेल.

आजी_ऑनलाइन
दोन्ही होतं. आधी जवळ चालू संघ आहे का ते पंचायतीच्या कार्यालयात विचारा, असला तर सोपं. नसला तर कुटुंबं जमवा. आणि वाटप ‘आमच्याकडे चालेल’ हे केतकीला विचारून लिहिलंत का?

केतकीचे_बन
नाही विचारलं. चहा तो करणार असेल तर चालेल.

साडेतीन_शहाणा
तुमच्या संघात गहू आला तर सिहोर मागा, लोकवन नको. पोळ्या मऊ राहतात.

दुकानदार_सांगलीकडचा
लोकवनला नावं ठेवू नका हो, दळताना जरा बारीक दळून घ्या म्हणजे झालं. गिरणीवाल्याला सांगावं लागतंय.